सव्वाशे भोकांचे तसराळे : घरी बांधलेल्या लाकूड-गॅस जनित्राचे एक प्रकरण

मार्च १९८९ मध्ये अमेरिकेच्या संघीय आपत्ती व्यवस्थापन संस्थेने, म्हणजे 'फेमा'ने, एक तांत्रिक अहवाल प्रसिद्ध केला. देशाचा खनिज तेलाचा पुरवठा अचानक तुटला, तर गावातल्या साध्या वर्कशॉपमध्ये, हाताशी असलेल्या पत्र्याच्या डब्यांतून आणि नळजोडणीच्या सामानातून, लाकडापासून जळाऊ गॅस तयार करून त्यावर पेट्रोलचे इंजिन चालवणारे जनित्र बांधता येईल का, हा त्या अहवालापुढचा प्रश्न होता. एच. लाफाँटेन आणि जी. पी. झिमरमन हे त्याचे लेखक होते आणि काम टेनेसीतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेमार्फत झाले होते. त्यांनी केवळ आराखडा काढला नाही. जनित्र प्रत्यक्ष बांधले, पेट्रोलवर चालणाऱ्या एका शेती ट्रॅक्टरच्या नाकाडावर बसवले आणि लाकडाच्या ढलप्यांखेरीज दुसरे कोणतेही इंधन न वापरता तो शेतात चालवून दाखवला. गेली कित्येक वर्षे जगभरातील हौशी कारागीर हाच आराखडा समोर ठेवून आपापल्या परसात पिंपे कापत आहेत. त्यातील बहुतेकांच्या हाती ट्रॅक्टर नसतो. पाच-सहा अश्वशक्तीचे, एका सिलिंडरचे, पाणी उपसणारे किंवा वीज निर्माण करणारे छोटे इंजिन असते. ट्रॅक्टरसाठी सिद्ध झालेली रचना अशा छोट्या इंजिनाला लावली की काय होते, हा या अभ्यासाचा विषय आहे.

लाकडाच्या गॅसवर इंजिन चालते की नाही, ही शंका मुळात कोणाला नव्हतीच. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या ताब्यातील डेन्मार्कमध्ये ट्रॅक्टर, ट्रक, मासेमारीच्या बोटी आणि एका जागी बसवलेली इंजिने यांपैकी ९५ टक्के लाकूड-गॅसवर चालत होती आणि तटस्थ स्वीडनमधील ४० टक्के मोटार वाहतूक लाकूड किंवा लोणारी कोळशाच्या गॅसवर होती, असे हा अहवालच सांगतो. ही जनित्रे १९४५ नंतर एकाएकी का नाहीशी झाली, याचे कारणही तो लपवत नाही: कार्यक्षमता कमी, चालवण्याचा व्याप मोठा आणि धूर विषारी. तेल पुन्हा मिळू लागताच लोकांनी ती काढून टाकली. युद्धकाळात आपल्याकडेही पेट्रोलवर नियंत्रण आले तेव्हा मोटारगाड्यांना मागे शेगडी जोडून त्या कोळशाच्या गॅसवर चालवल्या गेल्या. त्या गाड्यांचा दाखला लाकूड-गॅसच्या समर्थनार्थ वारंवार दिला जातो. परंतु 'कोळशाच्या' हा शब्द त्यात किती महत्त्वाचा आहे, याकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. त्याकडे पुढे यायचे आहे.

युद्धकाळातील जनित्रांचा नमुना म्हणजे इम्बर्ट पद्धतीचा गॅसिफायर, म्हणजेच लाकूड-गॅस जनित्र. अल्सेसमधील जॉर्ज इम्बर्ट यांनी १९२० च्या दशकात विकसित केलेल्या या रचनेत लाकूड बंद पिंपात वरून भरतात, हवा मधल्या भागातील तोट्यांतून आत येते आणि सगळा वायू एका अरुंद घशातून खाली ओढला जातो. हा घसा आणि त्याभोवतीच्या तोट्या नेमक्या मापाच्या असाव्या लागतात. त्या ओतीव किंवा उत्तम पोलादाच्या कराव्या लागतात. आणि इंजिन बदलले की घसाही बदलावा लागतो. अडचणीच्या काळात खेड्यातल्या वेल्डरला हे जमणार नाही, असे फेमाच्या लेखकांनी धरले. म्हणून त्यांनी घसा आणि तोट्या दोन्ही काढून टाकल्या.

उरले ते आश्चर्य वाटावे इतके साधे आहे. वरच्या बाजूला इंधनाचे पिंप, म्हणजे पत्र्याचा कचऱ्याचा डबा. त्याच्या तळातून खाली उतरणारी एक सरळ, दोन्ही तोंडे उघडी असलेली लोखंडी नळी; हिला आपण जळणनळी म्हणू. नळीभोवती दुसरे मोठे पिंप, ज्यात तयार झालेला गॅस जमतो. नळीच्या खालच्या तोंडाशी साखळ्यांनी टांगलेली जाळी. आणि ही जाळी म्हणजे स्वयंपाकघरातले स्टेनलेस स्टीलचे तसराळे: कणीक किंवा केकचे पीठ मळण्याचे, गोल बुडाचे, त्याच्या बुडाला आणि बाजूंना अर्ध्या इंचाची सुमारे १२५ भोके पाडलेली.

या तसराळ्यापाशी थोडे थांबावे असे मला वाटते, कारण संपूर्ण रचनेचे शहाणपण त्यात आहे आणि तिचा दोषही त्याच्याच आसपास आहे. घट्ट बसवलेली जाळी तापली की फुगते, वाकते आणि राखेने बुजते. टांगलेले तसराळे मात्र चारी बाजूंनी मोकळे असते. बाहेरून एका दांड्याने ते हलवले की राख भोकांतून खाली गळते, चुरा झालेला कोळसा सरकतो आणि गॅसला वाट मोकळी होते. स्टेनलेस असल्यामुळे ते लवकर गंजून झिजत नाही. आणि झिजलेच, तर गावातल्या भांड्यांच्या दुकानात दुसरे मिळते. ज्याने कधी चुलीतली राख उलथन्याने सारली आहे, त्याला ही जाळी समजावून सांगावी लागत नाही. मात्र जोरात हलवल्यास निखाऱ्यांचा थर विस्कटतो आणि मधूनच एखादी पोकळ वाट पडते. मग न जळलेला धूर त्या वाटेने सरळ इंजिनाकडे धावतो. तेव्हा दांडा कितीदा आणि किती जोराने हलवायचा, हे चालवणाऱ्याच्या हातात असते, आराखड्यात नसते.

आतले काम असे चालते. पिंपाचे झाकण चालू असताना उघडेच असते. हवा वरून, लाकडाच्या ढलप्यांतून, सगळ्या नळीभर सारखी खाली येते. ओढ मात्र खालून असते, आधी फुंकणीच्या छोट्या पंख्याची आणि नंतर इंजिनाची. सर्वांत वरच्या थरात लाकूड नुसते असते. त्याखाली ज्वाळांचा थर: येथे लाकूड तापून फुटते, त्यातून निघणारी वाफ, डांबर आणि धूर खाली आलेल्या हवेत तिथल्या तिथे जळतात आणि तापमान हजार अंशांच्या वर जाते. त्याखाली लाल निखाऱ्यांचा थर. ज्वाळांतून आलेला कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ या निखाऱ्यांतून गेली की कोळसा त्यांच्यातील ऑक्सिजन ओढून घेतो आणि कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन मागे राहतात. या क्रियेला उष्णता लागते, त्यामुळे गॅस खाली उतरता उतरता थंड होतो. आठशे अंशांच्या खाली ती जवळजवळ थांबते, आणि तसराळ्यात पडलेला कोळसा नुसता आधार म्हणून राहतो. इंजिनाकडे जाणाऱ्या गॅसमध्ये सुमारे २० टक्के हायड्रोजन, सुमारे २० टक्के कार्बन मोनॉक्साइड, थोडा मिथेन आणि उरलेला निम्म्याहून अधिक भाग नायट्रोजन असतो. म्हणजे इंजिन जे पिते त्यातला निम्म्याहून अधिक भाग जळतच नाही. तो हवेबरोबर आला आणि तसाच बाहेर जाणार.

जनित्रातून निघालेला गॅस एका गाळणीतून जातो. ही गाळणीसुद्धा एक डबाच आहे आणि त्यात भरायच्या त्याच लाकडाच्या ढलप्या. त्या काळ्या पडल्या की काढून इंधनाच्या पिंपात टाकायच्या, नव्या भरायच्या. कल्पना काटकसरीची आहे. परंतु ढलप्यांची गाळणी राखेचे मोठे कण आणि थोडे पाणी अडवते, बारीक धूळ आणि डांबराचे धुके अडवत नाही. पुढे एक हवेचा व्हॉल्व्ह, जो गॅसमध्ये साधारण तेवढीच हवा मिसळतो, आणि मग इंजिनाचे तोंड.

ट्रॅक्टर या जोडणीवर चालला. त्यावरून रचना उपयोगी आहे हे सिद्ध झाले; मात्र तो कोणत्या परिस्थितीत चालला हे विसरता कामा नये. ट्रॅक्टरला अनेक सिलिंडर असल्यामुळे त्याची ओढ जवळजवळ अखंड असते. त्याच्यामागे अवजार असते, त्यामुळे भार टिकून राहतो. आणि प्रश्न आणीबाणीचा होता: काही आठवडे, काही महिने अन्न पिकवत राहणे. त्या काळात इंजिनाची एक फेरदुरुस्ती करावी लागली तरी ती परवडते. परसात पंप बसवणाऱ्याची गरज वेगळी आहे. त्याला तेच इंजिन रोज, हंगामभर, वर्षानुवर्षे चालवायचे असते.

छोट्या इंजिनाचा मुद्दा अहवालाच्या लेखकांच्या नजरेतून सुटलेला नाही. जळणनळीच्या मापांच्या तक्त्यात इंजिनाच्या अश्वशक्तीप्रमाणे नळीचा आतला व्यास दिला आहे: ५ अश्वशक्तीला २ इंच, १५ ला ४ इंच, ३० ला ६ इंच, असा चढता क्रम. पण पहिल्या दोन ओळींवर एक फुली आहे आणि तळाशी तिचा खुलासा आहे. सहा इंचांपेक्षा अरुंद नळीत ढलप्या अडकून कमान धरतात, म्हणून १५ अश्वशक्तीच्या आतील इंजिनासाठीही नळी सहा इंचांचीच घ्यावी आणि तिच्या तळाशी तक्त्यातील व्यासाचा आवळा, म्हणजेच घसा, करावा. ज्या घशापासून सुटका करून घेण्यासाठी हा सगळा आराखडा रचला, तोच छोट्या इंजिनाच्या बाबतीत मागच्या दाराने परत आला! ही तळटीप न वाचता नळी कापणाऱ्यांच्या तक्रारी बहुधा इथूनच सुरू होतात.

हे आकड्यांत मांडले म्हणजे स्पष्ट होईल. २०० घनसेंटिमीटरचे, चार स्ट्रोकचे, एका सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर ते मिनिटाला १,५०० वेळा श्वास घेते. सिलिंडर पूर्ण भरत नाही. ८० टक्के भरतो असे धरल्यास तासाला सुमारे १४ घनमीटर मिश्रण आत जाते आणि त्यातील निम्मा, म्हणजे ७ घनमीटर, गॅस असतो. एक किलो वाळलेल्या लाकडापासून सव्वादोन ते अडीच घनमीटर गॅस मिळतो, म्हणजे तासाला सुमारे तीन किलो लाकूड लागेल. गॅसच्या एका घनमीटरमध्ये साधारण ५ मेगाज्यूल उष्णता असते. त्यातील पाचवा हिस्सा दांड्यावर मिळाला, तर हाती येणारी शक्ती दोन किलोवॉटच्या थोडी खाली, म्हणजे अडीच अश्वशक्तीच्या आसपास राहते. पेट्रोलवर हेच इंजिन पाच-सहा अश्वशक्तीचे म्हणून विकले जाते. गॅस पातळ, त्यात नायट्रोजनचा भरणा, म्हणून ही घट होणारच. ती कारागिराची चूक नव्हे. गॅसची ज्वाळा सावकाश पसरते, त्यामुळे ठिणगी थोडी आधी पाडली तर थोडी शक्ती परत मिळते, परंतु छोट्या इंजिनांत ठिणगीची वेळ फ्लायव्हीलमधील चुंबकाने पक्की ठरलेली असते आणि ती हलवणे सोपे नसते.

आता हेच ७ घनमीटर नळीच्या तोंडाशी ताडून पाहू. दोन इंचांच्या घशाचे क्षेत्रफळ २० चौरस सेंटिमीटर आहे. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरमागे तासाला ०.३५ घनमीटर गॅस जातो. सहा इंचांच्या मोकळ्या नळीचे क्षेत्रफळ १८० च्या वर. तेथे हाच आकडा ०.०४ वर येतो. इम्बर्टच्या घशासाठी वरची मर्यादा ०.९ मानली जाते आणि तिच्या तिसऱ्या हिश्श्याच्या खाली गेले की डांबर वाढू लागते. तेव्हा घसा असलेले छोटे जनित्र पूर्ण भारावर जेमतेम काठावर आहे. आणि घसा नसलेले जनित्र म्हणजे डांबराची भट्टी. ओढ मंद असली की ज्वाळांचा थर थंड पडतो, डांबर न जळता निखाऱ्यांच्या फटींतून निसटते. वरवर पाहता जनित्र उत्तम चालते: गॅस पेटतो, इंजिन धडधडते, शेजारीपाजारी जमतात. दोष दिसतो तो दुसऱ्या दिवशी सकाळी.

गरम असताना डांबर वायुरूपात किंवा पातळ असते आणि इंजिनात जाऊन बरेचसे जळते. काही भाग मात्र आत येणाऱ्या वाटेच्या भिंतींवर आणि इनटेक व्हॉल्व्हच्या दांड्यावर बसतो. इंजिन बंद करून रात्रभर निवले की त्याचे लाखेसारखे कडक वेष्टण होते आणि व्हॉल्व्ह आपल्या वाटेतच चिकटतो. सकाळी दोरी ओढली की खालचा दांडा व्हॉल्व्हला ढकलू पाहतो, व्हॉल्व्ह हलत नाही, आणि दांडा वाकतो. किंवा व्हॉल्व्ह उघडा राहतो आणि कॉम्प्रेशनच धरत नाही. म्हणून लाकूड-गॅसवर इंजिन चालवणाऱ्या जाणत्या माणसाची पहिली सवय ही असते की सकाळी दोरी ओढण्याआधी फ्लायव्हील हाताने सावकाश फिरवून पाहायचे. हात जड लागला, तर झडपेपाशी सॉल्व्हंट सोडून थांबायचे. इंजिनाला चालेल अशी डांबराची मात्रा साधारणपणे एका घनमीटरमागे १०० मिलिग्रॅमच्या आत मानतात. खाली ओढणाऱ्या चांगल्या जनित्राच्या कच्च्या गॅसमध्येही ती एक ग्रॅमच्या घरात असते. म्हणजे उत्तम रचना करूनही दहापैकी नऊ भाग डांबर गाळून काढावे लागते, आणि ढलप्यांच्या डब्याकडून ते होणार नाही. गॅस आधी चांगला निववून, पाणी व डांबर खाली गळू देऊन, मग बारीक गाळणीतून (भुसा, कापड किंवा पेंढ्याच्या थरांतून) नेणे भाग आहे. निववण्याच्या नळीला खालच्या बाजूला पाणी काढून टाकण्याची तोटी हवीच. काळे, आंबट, उग्र वासाचे ते पाणी गाळणीत साचले तर ढलप्या फुगतात आणि इंजिनाचा श्वास कोंडतो.

येथे युद्धकाळातील कोळशाच्या गाड्यांकडे परत यावे. लोणारी कोळसा म्हणजे आधीच डांबर आणि धूर काढून टाकलेले लाकूड. ते काम भट्टीवाल्याने जंगलातच उरकलेले असते. त्यामुळे कोळशाच्या गॅसला राखेची आणि तापमानाची चिंता असते, डांबराची फारशी नसते, आणि साधी शेगडी व साधी गाळणी एवढ्यावर मोटार चालू शकते. त्याची किंमत मात्र जंगलाने मोजलेली असते, कारण लाकडातील उष्णतेचा निम्म्याहून अधिक भाग भट्टीतच उडून जातो. लहान इंजिनाला, अधूनमधून, तास-दोन तास चालवायचे असेल तर मी लाकडाऐवजी कोळसाच सुचवेन. अर्थात तो विकत न घेता आपल्याच बांधावरच्या वाळक्या फांद्यांचा करता येत असेल तर.

आणखी एक गोष्ट महाराष्ट्रातील वाचकाने आधीच लक्षात घ्यावी. फेमाचा आराखडा ठिणगीवर चालणाऱ्या इंजिनासाठी आहे. आपल्या विहिरींवर वर्षानुवर्षे धडधडत आलेले 'ऑइल इंजिन' डिझेलचे आहे, त्यात ठिणगी नाही, आणि नुसता लाकूड-गॅस दाबाने आपोआप पेटत नाही. त्याला थोडे डिझेल द्यावेच लागते; गॅस हवेच्या वाटेने आणि डिझेल नेहमीच्या वाटेने, असा दुहेरी संसार चालतो. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने १९८० च्या दशकात ३.७५ किलोवॉटच्या डिझेल पंपसंचावर असेच, वरून उघडे असलेले लाकूड-गॅस जनित्र चालवून पाहिले होते, आणि शेजारच्या कर्नाटकात तुमकूर जिल्ह्यातील होसहळ्ळी या वीज नसलेल्या गावी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने १९८८ पासून असेच जनित्र चालवले. तेथील यंत्र आधी ३.७ किलोवॉटचे होते, पुढे २० किलोवॉटचे झाले, आणि दिव्यांबरोबर पिण्याचे पाणी, शेतीचे पाणी आणि पिठाची गिरणी त्यावर चालू लागली. होसहळ्ळीच्या यादीत दिवे एकटे नाहीत, याकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो. गिरणी आणि पंप यांचा भार जड व एकसारखा असतो, आणि वर पाहिल्याप्रमाणे जनित्राला तोच हवा असतो. जनरेटरवर चार दिवे आणि एक पंखा लावून बसणाऱ्याचे इंजिन गॅस कमी ओढते, निखारे मंदावतात आणि डांबर येऊ लागते. घरगुती जनित्रासाठी काम निवडायचे असेल तर विजेच्या जनरेटरपेक्षा पाण्याचा पंप निवडावा.

एका सिलिंडरच्या इंजिनाचा आणखी एक त्रास आहे. त्याची ओढ धक्क्याधक्क्याची असते: एक झटका, मग तीन स्ट्रोक काहीच नाही. जनित्र आणि इंजिन यांच्यामध्ये एखादा रिकामा डबा ठेवला, तर त्यात गॅसचा साठा राहून झटके सौम्य होतात. पाण्याच्या नळावर हवेचा कप्पा ठेवतात तसेच हे आहे. गाळणीचा डबा पुरेसा मोठा घेतला तरी हे काम आपोआप होते.

साहित्याच्या बाबतीत अहवालाच्या काटकसरीला मर्यादा घालावी लागते. कचऱ्याचा डबा जस्त चढवलेला असतो. वरच्या, थंड राहणाऱ्या पिंपाला तो चालतो. पण वेल्डिंग करताना जस्त उडते आणि त्या पांढऱ्या धुराने रात्री थंडी वाजून ताप येतो, हे कोणताही जुना फॅब्रिकेटर सांगेल. तेव्हा जोडाच्या जागी जस्त घासून काढावे, आणि जिथे आग आहे तिथे जस्ताचा पत्रा मुळीच वापरू नये. जळणनळी साध्या लोखंडाची असेल तर ज्वाळांच्या पातळीवर ती पापुद्रे सुटून पातळ होते. जाड भिंतीची नळी किंवा स्टेनलेस नळी घेतली तर खर्च एकदाच होतो. सांध्यांतून हवा आत शिरली तर गॅस जनित्रातच जळतो, पत्रा लाल होतो आणि इंजिनापर्यंत निःसत्त्व वायू पोहोचतो. म्हणून प्रत्येक सांधा साबणाच्या फेसाने तपासावा, सायकलच्या ट्यूबचे पंक्चर शोधतात तसा.

इंधन तयार करणे हे काम सर्वजण शेवटी विचारात घेतात आणि रोजचा सर्वाधिक वेळ त्यातच जातो. लाकडाचे तुकडे साधारण आगपेटीएवढे, एकसारखे आणि वाळलेले लागतात. फार मोठे असले तर अडकतात. भुसा, पाला किंवा उसाचे पाचट टाकले तर हवेची वाटच बंद होते. ताज्या तोडलेल्या लाकडात निम्म्यापर्यंत पाणी असू शकते. जनित्राला ते १५ ते २० टक्क्यांवर आलेले हवे, नाहीतर निखाऱ्यांची उष्णता पाण्याची वाफ करण्यातच जाते. बाभूळ किंवा सुबाभळीचे तुकडे करून पत्र्यावर उन्हाळाभर वाळवून, पावसाळ्याआधी पोत्यांत भरून ठेवणे हाच मार्ग आहे. पंप रोज चार तास चालवायचा तर दिवसाला बारा किलो तुकडे लागतात. कोयत्याने बारा किलो तुकडे करून पाहावेत, म्हणजे एक लिटर पेट्रोलच्या जागी अडीच-तीन किलो लाकूड हा हिशेब कागदावर वाटतो तेवढा फुकटचा राहत नाही. कुट्टी यंत्रासारखे तुकडे करणारे यंत्र असल्याखेरीज रोजच्या वापराचा विचार करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रत्यक्ष चालवण्याची रीत अहवालात बारकाईने दिली आहे. पहिल्या वेळी नळीत आधी लोणारी कोळसा भरायचा, वर ढलप्या टाकायच्या, फुंकणीचा पंखा सुरू करायचा आणि वर्तमानपत्राचा फूटभर कागद पेटवून पेटवण्याच्या भोकातून थेट जाळीपाशी ढकलायचा. थोड्या वेळाने पंख्याच्या तोंडातून येणारा पांढरा, ओला धूर पातळ होतो. तिथे ज्वाळा धरून पाहायची. ती आपली आपण जळत राहिली की गॅस तयार आहे, मगच इंजिनाला द्यायचा. घाई करून पांढऱ्या धुरावर इंजिन सुरू करणे म्हणजे डांबर पाजणे होय. बंद करताना इंजिन थांबवून हवेचा व्हॉल्व्ह क्षणभर उघडायचा, आतला दाब जाऊ द्यायचा, मग तो बंद करून पिंपावर झाकण घट्ट बसवायचे. निखारे हवेवाचून विझतात, आणि तोच कोळसा दुसऱ्या दिवशी पेटवायला उपयोगी पडतो.

या सबंध काळात गॅसमध्ये पाचवा हिस्सा कार्बन मोनॉक्साइड आहे, त्याला वास नाही, आणि हवेत हजारात दोन भाग इतका जरी झाला तरी माणूस दोन-तीन तासांच्या आत दगावू शकतो. वास येतो तो डांबराचा. गाळणी जितकी चांगली, तितका हा इशारा कमी. म्हणून जनित्र उघड्यावर, फार तर चारी बाजूंनी मोकळ्या मांडवाखाली ठेवावे; इंजिनाच्या खोलीत, गोठ्याला लागून किंवा पावसाच्या भीतीने पडवीत कधीही नाही. चालू असताना आत ओढ असते, त्यामुळे फटीतून हवा आत जाते, गॅस बाहेर येत नाही. धोका असतो तो पेटवताना आणि बंद केल्यानंतर, जेव्हा ओढ नसते आणि झाकणाखाली निखारे अजून धुमसत असतात. त्या वेळी डोके जड वाटू लागले, मळमळले, तर वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला दूर जावे आणि जनित्राला पुढचे काही तास हात लावू नये. दुसऱ्या दिवशी झाकण उघडतानाही आधी तोंड बाजूला धरावे, कारण आत साठलेल्या गॅसला अचानक हवा मिळाली आणि तळाशी एखादा निखारा जिवंत असला तर भपका वर येतो. भुवया जळाल्यावर ही सूचना कोणालाही दुसऱ्यांदा सांगावी लागत नाही.